अनुदानाच्या मागं धावण्यात जो पैसा जाते, त्याचा हिशोब कोणी लावते का?

काटोलचा_भाचा: मामानं ट्रॅक्टरसाठी महाडीबीटीवर (सरकारी योजनायचं ऑनलाइन पोर्टल) अर्ज टाकला, अनुदान सव्वा लाख. अर्ध्या गावानं टाकले, लॉटरीत नंबर लागला दोघायचा. सातबारा, आठ-अ, सेतूवाल्याचे पैसे, रोजी बुडवून तालुक्याले चकरा, वरून एक "साहेबाशी बोलतो" वाला भेटलाच. सगळ्यायचं जोडलं तर अनुदानाएवढं इथंच जात असन, मंग गावाले भेटलं काय? कोणी इकॉनॉमिक्सवाला असन तर सांगा भौ.

धरमपेठ_कट्टा: गॉर्डन टलक या अर्थशास्त्रज्ञानं १९६७ मध्ये हेच मांडलं होतं, की चोरीचं नुकसान मोजताना चोराची मेहनत आणि लोकांनी लावलेली कुलपंही धरा. १९७४ मध्ये ॲन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञ बाईनं त्याला रेंट सीकिंग (नवं काही न बनवता सरकारी फायदा पदरात पाडायला पैसा-मेहनत घालणं) नाव दिलं, आणि उदाहरणात आपला भारतच, लायसन्स-परमिटवाला. इम्पोर्ट लायसन्स कारखान्याच्या क्षमतेवर मिळायचं म्हणून लोक आहे तो कारखाना अर्धा रिकामा असला तरी वाढवायचे. टलकच्या सोप्या मॉडेलमध्ये सारख्या ताकदीचे दहा जण एका बक्षिसामागे लागले तर सगळे मिळून त्याच्या ९० टक्के खर्चून बसतात. म्हणजे सव्वा लाखासाठी १,१२,५००.

हिंगणा_एमआयडीसी: ते तेव्हा, जेव्हा जास्त खर्च केला की चान्स वाढतो. लॉटरीत कुठं वाढतो? अर्ज २३ रुपये ६० पैशांचा अन् कागदपत्रं निवड झाल्यावर अपलोड करायची, मामानं आधीच कशाला पळापळ केली? खरी गंमत २०२५ पासून आहे, लॉटरी गेली अन् जो आधी अर्ज करेल त्याला प्राधान्य आलं. आता लागली ना रेस.

काटोलचा_भाचा: कागदाचं मान्य. पण लॉटरीतही त्या साहेबवाल्यानं कमावलेच ना बे! सगळ्यायकडून ॲडव्हान्स घ्यायचा, नंबर लागला त्याचा ठेवायचा, नाही लागला त्याचा "काम नाही झालं भौ" म्हणून वापस. काहीच न करता इज्जतही राहते, पैसाही.

रोटाव्हेटर_वाला: दुकानात काम केलंय म्हणून सांगतो, अनुदानातला एक हिस्सा तर रेटमध्येच जातो. नगदी गिऱ्हाईक घासाघीस करते, अनुदानवाल्याले कोटेशनवर फुल रेट लागते अन् तो काही बोलत नाही कारण पैसा सरकारचा वाटते. मामाले म्हणा, अर्ज केला हे न सांगता दोन-तीन ठिकाणी नगदीचा भाव विचारा, मंगच कोटेशन घ्या.