कॅप्सूल कॅमेरा आतड्यात अडकतो का?

प्रश्न : आईचे हिमोग्लोबिन सतत घसरत आहे आणि तोंडातून आणि गुदद्वारातून अशा दोन्ही बाजूंनी केलेल्या दुर्बीण तपासणीत काहीच सापडले नाही, म्हणून डॉक्टरांनी कॅप्सूल एंडोस्कोपी, म्हणजे गोळीएवढा कॅमेरा गिळून आतड्याची तपासणी, सुचवली आहे. ती कॅप्सूल आत अडकली तर?

उत्तर : भीती रास्त आहे. क्षयरोगाने किंवा क्रोन्स आजाराने (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) आतडे अरुंद झाले असेल, तर सुमारे २६ मिलिमीटर लांबीची ही कॅप्सूल अडकू शकते. म्हणून पोटात मुरडा येऊन फुगारा धरत असल्यास डॉक्टरांना आधीच सांगा. शंका असल्यास विरघळणारी चाचणी-कॅप्सूल आधी देतात. कॅप्सूल शौचावाटे बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय मात्र मुळीच करू नका.

उत्तर : माझ्या वडिलांनी ती घोटभर पाण्यासोबत गिळली, तोंडात तिचा लुकलुकता प्रकाश दिसत होता. कमरेच्या रेकॉर्डरवर आठ तास छायाचित्रे साठली आणि रक्तस्रावाची जागा सापडली. तिने तपासणीसाठी आतड्याचा तुकडा घेता येत नाही, एवढे लक्षात ठेवा.