ब्लीडिंग करूनही पुढच्या ब्रेकचा लिव्हर मऊच राहतो

प्रश्न (परभणी)
माझ्या मोटरसायकलच्या पुढच्या डिस्क ब्रेकचा होज पाइप तडकल्यामुळे मी तो घरीच बदलला आणि निपलला (हवा काढायच्या तोटीला) पारदर्शक नळी लावून, डॉट ४ दर्जाचे नवे ब्रेक ऑइल घालत, बुडबुडे येईनासे होईपर्यंत हवा काढायचे ब्लीडिंग केले. तरीही लिव्हर थेट ग्रिपला टेकतो आणि लागोपाठ चार-पाच वेळा दाबल्यावरच घट्ट होतो. पुढच्या आठवड्यात वडिलांना मागे बसवून औंढा नागनाथला जायचे आहे. मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा, ऑइलवर दाब देणारा भाग) बदलावा लागेल का?

उत्तर (लातूर)
एवढ्यात बदलू नका. घट्ट झालेला लिव्हर तसाच दाबून धरा. कुठेही गळती नसताना तो सावकाश आत सरकत गेला, तर सिलिंडरचे सील गेले असे समजावे. तो जागीच राहिला, तर मात्र हवेचाच संशय घ्यावा.

नवा पाइप रिकामा असतो, हवा वर चढते आणि निपल तर खाली कॅलिपरवर (चाकाजवळच्या, डिस्क पकडणाऱ्या भागावर) असते; त्यामुळे मास्टर सिलिंडरला पाइप जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टपाशी अडकलेला बुडबुडा खालून कितीही ऑइल काढले तरी हलत नाही. हँडल असे वळवा की सिलिंडर सर्वांत उंच राहील. मग त्यावरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण काढून लिव्हर पूर्ण न दाबता, जेमतेम अर्धा सेंटिमीटर, भराभर हलवत राहा. बारीक बुडबुडे टाकीत वर येताना दिसतील. ते थांबल्यावर पुन्हा निपलकडून ब्लीडिंग करा. लिव्हर दाबायचा, निपल पाव फेरा उघडायचे, ते बंद करायचे आणि मगच लिव्हर सोडायचा. हा क्रम एकदा जरी चुकला, तरी बाहेर गेलेली हवा परत आत ओढली जाते. टाकीतली पातळी खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका. बॅन्जो बोल्टच्या दोन्ही बाजूंची तांब्याची वॉशर नवीन टाकली होती ना?

उत्तर (बीड)
वरील मताशी सहमत आहे. फक्त उरलेले ऑइल पुन्हा वापरू नका, कारण हे द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो; मग घाटात सतत ब्रेक दाबला की आत वाफ होते आणि लिव्हर पुन्हा मऊ पडतो. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण इंजिन ऑइलचा थेंबही त्यात जाता कामा नये, रबरी सील फुगतात. पेट्रोलच्या टाकीवर सांडल्यास लगेच पाण्याने धुवा, रंग निघतो.

प्रश्नकर्ता
आपले आभार. जुनीच वॉशर पुन्हा बसवली होती, ती आज बदलली. नंतर लिव्हर थोडा-थोडा हलवताच टाकीत बुडबुड्यांची रांग लागली. आता तो पहिल्याच दाबात घट्ट होतो आणि दाबून धरल्यावर सरकत नाही. उद्या एकट्याने कमी वेगात तपासून, गळती नाही याची खात्री झाल्यावरच वडिलांना बसवीन.