हनोईच्या फुटपाथवर बसून: तुमचे अनुभव लिहा

हनोईबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक हालाँगच्या खाडीतल्या बोटीत बसण्याआधीच्या दीड दिवसाचं असतं. तलाव पाहिला, हो ची मिन्हची समाधी पाहिली, निघाले. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी तिथे सव्वादोन वर्षं राहिले आणि मला त्या शहराची सकाळ आठवते, गल्ली आठवते, वीतभर उंचीची प्लास्टिकची स्टुलं आठवतात. म्हणून हा धागा. जे तिथे राहिलेत, कामाला किंवा शिकायला गेलेत, त्यांनी लिहा. काय खाल्लंत आणि कुणाच्या शेजारी बसून खाल्लंत, दोन्ही लिहा. सुरुवात मी करते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई सकाळी सहापासून फो विकायच्या. रात्रभर मंद आचेवर उकळलेलं हाडांचं पाणी, त्यात भाजलेलं आलं आणि कांदा, चक्रीफूल, दालचिनी. वाडग्यात तांदळाच्या चपट्या शेवया, वर मांसाचे पातळ काप आणि पातीचा कांदा. दहाच्या आत पातेलं रिकामं, मग थेट दुसऱ्या दिवशी. दक्षिणेकडच्या सायगॉनमध्ये फोबरोबर मोड आणि तुळशीसारख्या पानांचं ताट येतं. हनोईची माणसं ते मागत नाहीत, त्यांना रस्सा आहे तसा हवा असतो. फार तर लसूण घातलेलं व्हिनेगर आणि मिरची. मीही आता तशीच खाते, दुसरी पद्धत मला पटत नाही.

चौथ्या दिवशी त्या बाईंनी मला वय विचारलं. मला राग आला होता. नंतर भाषा शिकवणाऱ्या मुलीने समजावलं की रोजच्या व्हिएतनामी बोलण्यात समोरच्याला नात्यानेच हाक मारतात, आणि वय कळल्याशिवाय नातं ठरत नाही. वडिलांचा धाकटा भाऊ चू, धाकटी बहीण को, आईचा धाकटा भाऊ काउ, धाकटी बहीण झी. म्हणजे आपले काका, आत्या, मामा, मावशी! इंग्रजीत या सगळ्यांचा एकच अंकल आणि एकच आंटी होते. इथे आपल्यासारखाच प्रत्येकाला वेगळा शब्द. आईवडिलांपेक्षा मोठे असतील ते दोन्हीकडचे बाक. आणि त्यांच्यासमोर आपण स्वतःला म्हणायचं चाऊ, ज्यात भाचा-पुतण्या आणि नातवंड सगळं येतं. दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्या 'को' झाल्या. मी परदेशात एकटी आहे असं त्यानंतर मला वाटलं नाही.

*

मी सांगलीची, आमच्या घरात अंडंही येत नाही. कामासाठी बारा दिवस गेले होते. पहिल्या संध्याकाळी लसणावर परतलेली झाऊ मुओंग, म्हणजे आपल्याकडची नाळीची भाजी, आनंदाने खाल्ली आणि मग कळलं की त्यात नुओक माम, म्हणजे आंबवलेल्या माशांचं खारट पाणी होतं. रात्रभर वाईट वाटत राहिलं. तिथे भाजीत मांस नसलं तरी नुओक माम असू शकतं, हे शाकाहारींनी जाण्याआधीच लक्षात ठेवावं.

सकाळी हॉटेलातल्या मुलीने एकच शब्द पाठ करून घेतला: चाय. उच्चार आपल्या चहाच्या चायसारखाच, अर्थ मात्र बौद्ध पद्धतीचा शाकाहार. तिच्याकडूनच कळलं की चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथली कितीतरी माणसं मांस-मासे खात नाहीत. अमावास्या आणि पौर्णिमा. माझ्या मुक्कामात पौर्णिमा आली. त्या दिवशी घरोघरी फळं-फुलं वाहिलेली, दारात खोट्या कागदी नोटा जाळलेल्या आणि 'कोम चाय' पाटीच्या खाणावळीत बसायला जागा नाही. टोफू, अळंबी, फणसाची भाजी, भात. शेजारच्या आजी माझ्या वाडग्यात स्वतःच्या ताटातलं वाढत होत्या.

न्याहारीला सोई सेओ घ्या. हळदीने पिवळा केलेला चिकट भात, त्यावर शिजवून घोटलेल्या मूगडाळीचा गोळा सुरीने किसल्यासारखा कापून घालतात, वर तळलेला कांदा, सगळं पानात बांधून. शेवटी चमचाभर चरबी ओततात, तेवढी हाताने नको म्हणायची.

*

रस्ता ओलांडण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. स्कूटरींचा लोंढा थांबायची वाट पाहू नका, तो थांबत नाही. सावकाश, एकाच चालीने चालत राहा, ते तुमच्या बाजूने वळून जातात. मध्येच थबकू नका, मागे तर अजिबात फिरू नका. आणि नोटा नीट बघून द्या, २० हजार आणि ५ लाख डाँगची नोट दोन्ही निळसर आहेत.

*

मालवणचा माणूस आहे, त्यामुळे वरच्या ताईंना वाचवत नसेल तर पुढे जावं! माम तोम. आंबवलेल्या बारीक कोलंबीची जांभळट चटणी. त्यात लिंबू पिळून, साखर-मिरची घालून फेस येईपर्यंत घोटतात आणि तळलेला टोफू, शेवयांच्या दाबलेल्या वड्या, काकडी त्यात बुडवून खातात. बरोबरचे दिल्लीचे सहकारी नाक धरून उठले. मला मात्र आजीच्या पडवीत वाळत घातलेली सुकट आठवली. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीने नव्हे.

दुसरी गोष्ट चा का. याच्या नावाचा रस्ताच आहे जुन्या पेठेत. हळद लावलेले माशाचे तुकडे टेबलावरच्या तव्यात येतात आणि त्यावर मूठभर नाही, अख्ख्या जुडीएवढा शेपू आणि पातीचा कांदा पडतो. शेपू! घरी शेपूची भाजी झाली की मी आमटीभात खाऊन उठायचो. माशाच्या तेलात परतलेला शेपू, वर भाजलेले शेंगदाणे. आता घरी सुरमईबरोबर करतो.

त्या जुन्या पेठेचंही सांगतो. रस्त्यांच्या नावात 'हांग', म्हणजे विकायचा माल. हांग बाक चांदीची, हांग थिएक पत्र्याची. पत्रेवाले अजून दारात बसून ठोकतात. पुण्याच्या तांबट आळीत वाढलेल्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही.

*

ऑफिसबद्दल: साडेअकराला जेवण, बाराला दिवे बंद, टेबलाखालून चटया बाहेर. अख्खा मजला तासभर झोपतो. वामकुक्षीला इतका मान मी भारतात कुठेही पाहिला नाही. उठलं की खाली फुटपाथवर चा दा, बर्फ घातलेला फिका हिरवा चहा. आमचे खरे निर्णय तिथेच व्हायचे.

*

फेब्रुवारी-मार्चला जाणाऱ्यांनी 'नोम' हा शब्द ऐकून ठेवावा. हवेत इतका ओलावा येतो की फरशीला घाम फुटतो, भिंती ओघळतात, कपडे आठवडाभर वाळत नाहीत. सर्दी झालेल्या लेकराला घेऊन बसले होते. घरमालकीणबाईंनी येऊन खिडक्या बंद केल्या, मी उलट उघड्या ठेवत होते.

*

मी बार्शीकडची, पीएचडीसाठी तीन वर्षं तिथे होते. एकच आठवण लिहिते. पाऊस संपला की हनोईत सायकलवर टोपल्या घेऊन बायका येतात, कोम विकायला. कोवळा, दाण्यात दूध असतानाच कापलेला चिकट भात, भाजून आणि कांडून केलेले हिरवे पातळ पोहे. वोंग गावचा कोम नावाजलेला, ते गाव आता शहरातच आलंय. कमळाच्या पानात गुंडाळून भाताच्या हिरव्या काडीने बांधून देतात. चिमूट चिमूट घेऊन सावकाश चावायचा, बरोबर पिकलेलं केळं.

पहिला घास घेतला आणि मला आमच्या शेतातला हुरडा दिसला. ज्वारी नाही, आगटी नाही, पण तोच कोवळेपणा, तीच थोड्याच दिवसांची घाई. विकणाऱ्या बाक म्हणाल्या, आज केलेला आजच खायचा. रात्री वडिलांना व्हिडिओवर दाखवला. त्यांनी दोन प्रश्न विचारले: कणीस कोणत्या दिवशी तोडतात आणि भाजताना हलवतं कोण? दुसऱ्या सकाळी मी ते बाकना विचारलं. त्यांनी सायकल भिंतीला लावली, स्टूल ओढलं आणि अर्धा तास सांगत बसल्या.