मदत हवी आहे: हात पुढे केला की तलंग फतकल मारून बसते. आजार की अंड्याची चाहूल?

नमस्कार मंडळी,

परसात सहा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आहेत. चार ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प, मेच्या मध्याला उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं आणली होती. दोन गावठी, माहेरहून आलेल्या, वयाने पुढेमागे आठवडाभर. एकविसावा आठवडा सरला. लासोटा, गंबोरो, देवी, आरटूबी, सगळ्या लसी झाल्यात. कोंबडा नाही. मी पहिल्यांदाच पाळतेय, त्यामुळे जरा काही झालं की पोटात गोळा येतो.

चार-पाच दिवसांपासून सगळंच बदललंय. एक काळी तलंग मी जवळ गेले की पळायची सोडून पाय दुमडून खाली बसते, पंख थोडे बाजूला काढते आणि तशीच राहते. पाठीवर हात ठेवला तरी हलत नाही. आधी हीच हाताला लागायची नाही! पाय गेले की काय, मानमोडीची (राणीखेत रोगाची) सुरुवात तर नाही ना, या विचाराने रात्री झोप नाही. दुसरी सकाळी नऊपासून अकरापर्यंत गळा काढून ओरडते. जिन्याखाली गोवऱ्यांची पाटी आहे, तिच्यात शिरते, बाहेर येते, पुन्हा शिरते. काल बघत उभी राहिले तर काडी चोचीत धरून स्वतःच्याच पाठीवर टाकत होती. एकामागून एक. वेड लागल्यासारखं. तिसरीने तुळशीच्या बुडाशी खड्डा केलाय, त्यावरून सासूबाईंचं आणि माझं वेगळंच चाललंय.

अंडं मात्र एकही नाही. लेअर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं) सुरू करू का? डॉक्टरांना बोलवू?

खुराडेवाला:
ताई, झोपा निवांत. खाली बसणं म्हणजे पाय जाणं नव्हे. ही कोंबड्यासाठीची बैठक. कोंबडा नसला की दाणे टाकणाऱ्या माणसालाच कोंबडा समजतात. पाठीवर दोनदा थोपटा आणि मागे सरका. उठून अंग झाडून, पिसं फुलवून दाणे टिपायला गेली तर सगळं ठीक. तुरा बघा, फिका गुलाबी होता तो लाल झालाय का?

पाठीवर काड्या टाकणं मीही पहिल्या खेपेला तोंड उघडं ठेवून बघितलं होतं. घरटं करायची ती खोड आहे, बाकी काही नाही. जागा शोधतेय ती. खुराड्यातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात पाटी ठेवा, तळाला गवत, वर एक प्लास्टरचं अंडं किंवा लिंबू. नाहीतर सगळी अंडी जिन्याखाली शोधत बसाल.

माळरान:
आमची आजी बोटांनी सांगायची. शेपटीखाली, अंडं येतं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यात एकच बोट मावलं तर अजून वेळ आहे. दोन-तीन बोटं सैल मावली आणि पोट मऊ लागलं तर आलंच समजा. संध्याकाळी दांडीवर बसल्यावर बघा, दिवसा पकडायला गेलात तर अख्खी आळी जागी होईल.

गावठींची घाई करू नका. त्या सहा-सात महिन्यांच्याही होतात. त्यात आता दिवस लहान होताहेत, उजेड कमी झाला की अंडं लांबतं. रोज चौदा तास उजेड मिळावा म्हणून मी बल्ब लावतो, पण पहाटे. संध्याकाळी लावलेला बल्ब एकदम विझला की दांडी सापडत नाही आणि जमिनीवरच एकमेकींना तुडवतात.

गावचा पशुवैद्य:
दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. एक, काळजी कधी करायची: उठवूनही उठत नसेल, लंगडत असेल, एक पाय पुढे आणि एक मागे टाकून पडत असेल, विष्ठा हिरवी-पातळ असेल, मान वळत असेल, तर वाट न बघता दाखवा. शेपटी खाली टाकून, पेंग्विनसारखी ताठ उभी राहून जोर करत असेल तर अंडं अडकलंय, त्याच दिवशी दाखवा. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही दिसत नाही.

दोन, लेअर खाद्य. सहाही जणी एकाच भांड्यातून खातात ना? मग थांबा. लेअर खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं, ग्रोवरमध्ये, म्हणजे वाढीच्या वयातल्या खाद्यात, साधारण एक टक्का. अंडं न देणाऱ्या तलंगेला ते जास्तीचं आठवडेच्या आठवडे मिळालं तर मूत्रपिंडावर भार येतो. ग्रोवरच चालू ठेवा आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला हवा ती खाते. पहिली अंडी दिसली की खाद्य बदला. घरची टरफलं देणार असाल तर भाजून, कुटून, ओळखू न येतील अशी. अख्खी टाकलीत तर अंडी फोडून खायची चटक लागते.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार! हाडं बघितली. बसणारीची दोन बोटं, ओरडणारीची तीन, गावठींची जेमतेम एक. तुरे खरंच लाल झालेत, रोज बघत असून लक्षात आलं नव्हतं. शिंपले ठेवलेत. घरात घट बसलेत, सासूबाई म्हणतात, उठेपर्यंत नाही घातलं तर बरंच.

धागाकर्ती (चार दिवसांनी):
आलं! ओरडणारीचंच. खुराड्यात एवढी पाटी मांडली, लिंबू ठेवलं, तर बाईंनी जिन्याखालच्या गोवऱ्यांतच घातलं. एवढंसं, वजन काट्यावर ३८ ग्रॅम, टोकाला रक्ताची बारीक रेघ. आज दुसरं आलं तर कवचच नाही, पातळ पापुद्र्यात, उचललं तर हातात लिबलिबलं. शिंपले तर खातात. हे किती दिवस चालतं?

गावचा पशुवैद्य:
रक्ताची रेघ पहिल्या एक-दोन अंड्यांना चालते, पुढे दिसली तर कळवा. बिनकवचाचंही सुरुवातीला येतं, कवच चढवणारी यंत्रणा अजून ताळ्यावर यायची असते. दोन-तीन आठवडे द्या. लेअर खाद्य आता सुरू करा, गावठींना जमलं तर वेगळं खायला घाला. आणि ते पापुद्र्याचं अंडं खुराड्यात फुटू देऊ नका.