अथेन्स, थेसालोनिकीहून गाडीने: जूनची तीन दिवसांची सुट्टी

अश्विनी: सुहासदादा, अगिऊ प्नेव्मातोसच्या (पवित्र आत्म्याच्या सणाच्या, ग्रीसमधल्या सुट्टीच्या) सोमवारला धरून तीन दिवस मिळतायत. आम्ही दोघं आणि आई-बाबा. अथेन्सहून देल्फीचे प्राचीन अवशेष बघायचे की नाफ्प्लियो हे बंदराचं जुनं गाव?

सुहासदादा: नाफ्प्लियो. १४० किमी, रस्ता मोकळा असेल तर पावणेदोन तास. देल्फी १८० च्या आसपास, आणि लिवादियापुढे अराखोवापर्यंत सगळा घाट. शिवाय देल्फी एका दिवसात बघून होतं. नाफ्प्लियोला मुक्काम केलात तर मायसिनीचे प्राचीन अवशेष आणि एपिदाव्रोसचं प्राचीन नाट्यगृह, दोन्ही ३० किमीच्या आत.

अश्विनी: शुक्रवारी ऑफिस सुटलं की निघू?

सुहासदादा: अजिबात नको. अथेन्समधून बाहेर पडणारा किफिसोस रस्ता आणि पुढे एलेफसिनाचा टोल नाका, दोन्हीकडे अडकाल. सुट्टीआधी पोलीस ३.५ टनांवरच्या मालट्रकना महामार्गावर ठरावीक तास बंदी घालतात, ते वेळापत्रक बघून ठेव. बंदीचे तास म्हणजेच गर्दीचे तास, जातानाही आणि येतानाही. शनिवारी सकाळी साडेसहाला घर सोडा.

मंदार: वहिनी, रस्ता असा: कोरिंथपर्यंत ए-८ महामार्ग, तिथून त्रिपोलीच्या दिशेने ए-७. स्पाथोवूनीचा टोल झाला की नेमेआला उतरा, जुन्या रस्त्याने फिख्तीला या आणि तिथून डावीकडे मायसिनी. पाटीवर 'मिकिनेस' लिहिलेलं असतं. महामार्गाच्या पाट्या हिरव्या, राष्ट्रीय रस्त्याच्या निळ्या, पुरातन स्थळांच्या तपकिरी.
आठला दार उघडतं तेव्हाच आत शिरा. टेकडीवर सावली नाही, जूनमध्ये अकरानंतर दगड तापतात. सिंहद्वार आधी करा. अत्रेउसची घुमटाकार कबर मुख्य जागेच्या अलीकडे अर्ध्या किमीवर आहे, ती परतताना. तिकीट एकच, फेकू नका.

अश्विनी: बाबांचे गुडघे दुखतात. पालामिदी किल्ला जमेल का?

मंदार: जमेल. गावातून वर जाणाऱ्या पायऱ्या लोक ९९९ सांगतात, त्या वाटेला जाऊच नका. मागच्या बाजूने डांबरी रस्ता थेट वरच्या दरवाजापर्यंत जातो. आतही चढउतार आहेच, पण पहिल्या बुरुजावरूनच खाडी आणि तिच्यातल्या बेटावरचा बुर्त्झी किल्ला दिसतात. गाडी बंदराजवळच्या मोठ्या पार्किंगमध्ये लावा. जुन्या गावाच्या गल्ल्यांत गाडी घालू नका, हॉटेलवाल्याने "दारापर्यंत येते" सांगितलं तरी.

प्रकाशकाका: मी पुण्याहून येतोय तेव्हा. माझं लायसन्स चालेल का?

सुहासदादा: काका, सोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो पुण्याच्या आरटीओतूनच काढून आणा, ग्रीसमध्ये मिळणार नाही. मुदत एक वर्ष. तिथे गाडी उजव्या बाजूने चालते. समोरच्याने हेडलाइट मारला तर अर्थ "मी येतोय, थांबा".
भाड्याच्या गाडीत ऑटोमॅटिक कमी असतात, आधीच मागून ठेवा. विम्यात टायर, काचा आणि गाडीचा तळ बऱ्याचदा धरलेला नसतो, कागद नीट वाचा. कच्च्या रस्त्याने समुद्रकिनारी उतरताना नुकसान होतं ते नेमकं तळाचं.
पंपावर बहुधा माणूस भरून देतो. "अमोलिव्दी ९५" (शिसेविरहित पेट्रोल) म्हणायचं. नुसतं "पेट्रोल" म्हटलं तर त्याला "पेत्रेलेओ" ऐकू येतं, आणि ते तिथे डिझेल!

मेधाताई: थेसालोनिकीवाल्यांसाठी: या सुट्टीत कासांद्रा द्वीपकल्प टाळा. बाहेर पडायला पोतिदेआचा कालवा ओलांडावाच लागतो, त्यामुळे सोमवारी संध्याकाळी सगळी गर्दी तिथे एकवटते. त्यापेक्षा ए-१ महामार्गाने ऑलिंपस पर्वताच्या पायथ्याचं लितोखोरो, साधारण ९० किमी. तिथून डोंगरात वर प्रिओनिया १८ किमी, उंची ११०० मीटर. पार्किंग छोटं आहे, नऊच्या आत पोचलात तरच जागा. उरलेल्या वेळात पायथ्याचं दिओन, तिथे प्राचीन अवशेष आहेत. पाण्याची आवड असेल तर एदेसाचा धबधबा आणि पुढे पोझारचे गरम झरे, पाणी ३७ अंशांच्या आसपास.

अश्विनी: ताई, पोझार पुढच्या वेळी नक्की. दादा, सोमवारी परत कसं यायचं?

सुहासदादा: सकाळी एपिदाव्रोस. नाट्यगृहाच्या मधोमध, वर्तुळातल्या दगडावर काकांना उभं करा आणि तुम्ही अगदी वरच्या रांगेत बसा, साधं बोलणंही ऐकू येतं. बाराच्या आत निघा, पण ए-७ ला परत जाऊ नका. पालेआ एपिदाव्रोस गावावरून समुद्राकडेने इस्थमियाला या, साधारण ६० किमी. वळणं आहेत, टोल नाही. आईंना पुढे बसवा. इस्थमियाला कोरिंथ कालव्यावरचा पूल जहाज आलं की पाण्यात खाली बुडतो. तसा खोळंबा झाला तर गाडी बंद करून बघत बसा.
तिथून ए-८. एलेफसिना दुपारी तीनच्या आधी ओलांडायचं. उशीर झालाच तर कोरिंथलाच जेवा आणि रात्री साडेदहानंतर निघा, मधल्या वेळेत निघूच नका. ए-८ वरच्या काकिया स्काला या कड्याच्या भागातल्या बोगद्यांपाशी एक गाडी बंद पडली तरी मागे लांबच लांब रांग लागते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, आडवाटेला वळायला फारशी जागा नाही. पाण्याच्या बाटल्या डिकीत नको, सीटपाशी ठेवा.