संमतिवयाचा वाद: टिळकांचा विरोध हा परंपरावादाचा सर्वांत भक्कम युक्तिवाद होता का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

परंपरावादी म्हणजे सुधारणेचा शत्रू, असं आपल्याकडे सर्रास धरून चालतात. मला ते पटत नाही. ब्रिटिश खासदार आणि परंपरावादी विचारवंत एडमंड बर्कने १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर तुटून पडतानाही लिहिलं होतं की ज्या राज्यात बदलाची सोय नाही ते टिकत नाही. समाज ही गेलेल्या, असलेल्या आणि येणाऱ्या पिढ्यांची भागीदारी आहे, एकाच पिढीने ती मोडून नव्याने मांडू नये, एवढंच त्याचं म्हणणं. बंगालचा गव्हर्नर-जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जवरचा सत्तेच्या गैरवापराबद्दलचा महाभियोग चालवण्यात हाच बर्क पुढे होता.

आता १८९१ घ्या. शरीरसंबंधासाठी मुलीचं कायदेशीर किमान वय, म्हणजे संमतिवय, १० वरून १२ करणाऱ्या विधेयकाला टिळकांनी कडाडून विरोध केला. पण मुलींची लग्नं १६ च्या आणि मुलांची २० च्या आत न करण्याची शपथ सुधारकांनी स्वतः घ्यावी, असं त्यांनीच १८९० मध्ये सुचवलं होतं. म्हणजे आक्षेप वय वाढवण्याला नव्हता, परक्या सरकारच्या हाती घराची किल्ली देण्याला होता. समाजाने आपले बदल आपल्या हाताने करावेत, हा विचार मला आजही मोलाचा वाटतो.

रानवारा

साफ असहमत. तुमच्या मांडणीत फुलमणी दासी कुठे आहे? कलकत्त्याची दहा-अकरा वर्षांची मुलगी, पस्तिशीच्या आसपासचा नवरा. त्याच्या बळजबरीने ती गेली. तिने दहा वर्षं ओलांडली होती, म्हणून त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा बसलाच नाही आणि तो वर्षभराच्या शिक्षेवर सुटला. त्यानंतर आलेल्या या विधेयकाला तुम्ही घराची किल्ली म्हणता? ते घर तिचं होतं का? आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले ते यासाठीच. शपथांवर विसंबून लग्नाचं वय वाढलं नाही. १९२९ मध्ये शारदा कायद्याने ते १४ केलं, तोही कायदाच.

जुनी_पोथी

दोघेही टिळकांनाच परंपरावादाचा प्रतिनिधी धरताय, गोंधळ तिथे आहे. टिळकांचा मुद्दा सार्वभौमत्वाचा होता. बर्कच्या जवळचे रानडे. जुन्याशी नाळ न तोडता सुधारणा करायची, पण गरज पडली तर कायदाही घ्यायचा, अशी त्यांची वाट. भांडारकरांनी शास्त्रातूनच विधेयकाला आधार शोधला. त्याआधी विद्यासागरांनी विधवाविवाहासाठी पराशरस्मृती पुढे केली होती.

शिवाय परंपरावाद एकसंध कधीच नव्हता. हुजूर पक्षाचे पंतप्रधान डिझरायली यांच्या काळात ब्रिटनमध्ये १८७५ चा सार्वजनिक आरोग्याचा कायदा झाला, त्याच पक्षाच्या थॅचरबाईंनी शंभर वर्षांनी सरकारचा हात आखडला. आपल्याकडे राजाजींचा स्वतंत्र पक्ष १९५९ मध्ये सहकारी शेतीच्या धोरणाला विरोध करत उभा राहिला आणि १९६७ मध्ये त्याचे ४४ खासदार निवडून आले. धर्म, बाजार, सावकाश बदल: या तीन प्रेरणा एकाच माणसात असतीलच असं नाही.

माळरान

मला त्या पिढ्यांच्या भागीदारीबद्दलच बोलायचंय. करार कुणी केला? जोतीरावांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, कारण विहीर, शाळा आणि देऊळ बंद असलेल्यांना त्या भागीदारीत फक्त कष्ट आले होते. सावकाश चला, हा सल्ला ज्याचं पोट भरलंय त्याने उपाशी माणसाला देऊ नये. हिंदूंचे विवाह-वारशाचे कायदे बदलणारं हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. स्वराज्य आलं होतं, सरकार आपलं होतं, तरी अजून थांबा असंच सांगणारे होते.

कृष्णाकाठ

माळरान, विहिरीच्या प्रश्नात थांबा म्हणणं अन्यायाचं होतं, यात मला शंका नाही. पण रानवारा, शारदा कायद्याचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तो एका भारतीय सदस्याने मांडला होता. आणि तो १९३० मध्ये लागू होण्याआधी घाईघाईने किती लहान मुलांची लग्नं उरकली गेली, ते आठवा. लोकांच्या मनाआधी कायदा धावला की तो कागदावर राहतो.

रानवारा

मग १९२० चं पुणं आठवा. नगरपालिका आपली, वाद सक्तीच्या प्राथमिक शिक्षणात मुलींना घ्यायचं की नाही, हा. तिथे परकं सरकार सक्ती करत नव्हतं. पैसा अपुरा आहे, आधी मुलग्यांना शिकवू, अशी भूमिका टिळकांनी तिथेही घेतली. ती कोणत्या किल्लीसाठी होती, हे सांगा.