आईचं डायलिसिस सुरू झालंय, घरी काय काय जपायचं?

सातारकर_61: आईचं डायलिसिस चालू होऊन तीन आठवडे झाले, आठवड्यातून दोनदा चार-चार तास. सध्या मानेतल्या कॅथेटरवर (नळीवर) चाललंय, मागच्या गुरुवारी डाव्या हाताला फिस्टुला केला, म्हणजे पुढे डायलिसिसची सुई टोचायला हातातली शीर धमनीला जोडली. सिस्टर म्हणाल्या हाताला जपा, पण गर्दीत पुढचं विचारायचं राहिलंच. आई त्या हातातल्या बांगड्या काढायला तयार नाही आणि शेजारच्या काकू रोज शहाळं आणतात, किडनी साफ होते म्हणे. सारखी तहान तहान करते, पाणी किती द्यायचं?

सिस्टर_ताई: मी डायलिसिस युनिटलाच असते. शहाळं आजच बंद करा दादा, त्यात पोटॅशियम भरपूर, ते साठलं की थेट हार्टवर येतं. बांगड्या काढाच, दाब पडून फिस्टुला बंद पडू शकतो. त्या हाताला बीपी नाही, सुई नाही, जड पिशवी नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. रोज सकाळी फिस्टुलावर हलकेच बोटं ठेवा, मांजर गुरगुरतं तशी थरथर लागते, ती लागली नाही तर उद्यावर न टाकता लगेच दवाखाना गाठा. सुई टोचण्याजोगा व्हायला दीड-दोन महिने तरी लागतात, तोवर कॅथेटरची पट्टी अजिबात भिजवू नका, वरचं अंग फडक्याने पुसून घ्या. थंडी वाजून ताप आला तर नुसती तापाची गोळी देऊन घरी बसू नका.

बाबांचा_ड्रायव्हर: आमच्या बाबांना पाचवं वर्ष. आम्हाला डॉक्टरांनी सांगितलेला हिशोब म्हणजे दिवसाची लघवी जेवढी तेवढं पाणी अधिक अर्धा लिटर, आणि त्यात चहा ताक आमटी सगळं धरायचं!! सकाळीच बाटली भरून ठेवतो, संपली की संपली. लोणचं-पापड सुटल्यावर तहान निम्म्यावर आली. लो सोडियम मीठ मात्र आणू नका, त्यात पोटॅशियमच असतं. एकदा गणपतीत कोणी लक्ष दिलं नाही आणि वजन चार किलो वाढवून डायलिसिसला गेले, अंगात साठलेलं तेवढं पाणी काढताना बीपी पडला, पायात असे गोळे आले की माणूस रडला. डायलिसिसच्या दिवशी सकाळी बीपीची गोळी द्यायची का तेही विचारून घ्या.

सातारकर_61: थरथर लागली, आईलाही बोट लावून दाखवलं. आता सगळ्या बांगड्या उजव्या हातात चढवून बसलीय, चालेल ना? काकू शहाळ्यावरून रुसल्यात ते वेगळंच.

सिस्टर_ताई: चालेल. फक्त बीपी आता त्याच हाताला घ्यायचा, कोपराच्या वर चढवू नका म्हणावं 😄